बाळूनानांचं लेफ्ट

पळसदरीच्या फाट्यावर भेटणारे बाळूनाना 'डावं' हा शब्द तोंडाला लावत नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगतात, "लेफ्टला जरा लोणचं टाक रं!" गुडघा दुखला तरी लेफ्टचाच. इंग्रजी दोन-चार शब्दांचं, पण ऐट बघावी, कलेक्टर झक मारेल!

माझी चहाची टपरी त्याच फाट्यावर. सुट्टीच्या दिवशी धरण शोधत गाड्या येतात. मोबाइलमधली बाई त्यांना नेमकी कुणाच्या तरी भातखाचरात नेऊन घालते. मग नाना छत्री उगारून रस्त्यात उभे. आधी काचेला नाक लावून आत डोकावणार, मग ओरडणार, "धरणाला राइट! लेफ्टला निस्तं आमचं घर हाय, पन पानी प्यायला या!" आणि लोक खरंच जातात हो. असा माणूस लाखात एक. डोकावणं तेवढं मला भोचकपणाचं वाटायचं.

एकदा चिडवलंच मी. "नाना, मराठीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

नाना हसले नाहीत. "आमचा सुनील बोलला ना, तुमी आमा भावांत डावं-उजवं करता. तवापास्नं त्यो शब्दच नको, वैनी."

सुनील हा नानांचा धाकटा मुलगा. त्या भांडणानंतर नेरळला बिऱ्हाड केलं, आणि मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडला. ग्रुपवर इंग्रजीत ओळ उमटली, 'सुनील लेफ्ट'. नानांनी ती माझ्याकडून वाचून घेतली होती. आता इंग्रजीत डावीकडे म्हणजे लेफ्ट, आणि सोडून गेला म्हणजेही लेफ्टच. मेली काय ती भाषा! मला काही सांगवेना.

"म्हंजे वळला," नाना म्हणाले होते. मी आपली मान डोलावली.

परवा चहा पिताना नाना आपणहून म्हणाले, "वैनी, त्या लेफ्टचा दुसरा अर्थ मला ठावं हाय गं. थोरल्यानं तवाच सांगितला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग वळला का म्हणालात?"

"आमचं घर लेफ्टलाच हाय ना. वळला तर घरीच येल."

तेवढ्यात गाडी आली. चहा तसाच टाकून नाना उठले, काचेला नाक लावून आत कोण बसलंय ते बघितलं, आणि छत्री वर केली.

"धरणाला राइट!"