होटगीची परवानगी

मीरा, ईशान,

परवा फोनवर तुम्ही मला सांगितलंत की आता गाण्यासाठी माणसाचा आवाज लागत नाही. कॉम्प्युटरला दोन ओळी लिहून सांगितलं की तो हवा तसा आवाज काढून देतो. तेव्हाच ठरवलं, आपल्या समोरच्या गुरुसिद्धप्पांविषयी तुम्हाला आता लिहावंच. तुम्ही त्यांना सुट्टीत पाहिलं आहे, पण हातात पानसुपारी घेऊन कुकरपुढे उभं असलेलं पाहिलेलं नाही.

"बाई, तुमच्या कुकरची शिट्टी लई भारी वाजायलीय. तेवढा आवाज देता का?"

त्यांनी पानसुपारी ओट्यावर ठेवली, मोबाइल कुकरजवळ धरला आणि डाळ शिजेपर्यंत मला माझ्याच स्वयंपाकघरात बोलू दिलं नाही.

गुरुसिद्धप्पा साठीचे आहेत. इथल्याच शुक्रवार पेठेत त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेटी गेल्या, दुकान गेलं, केसही गेले. त्या जागी हेडफोन आला. आता ते हिपहॉप गाणाऱ्या पोरांना ताल करून देतात. जुन्या गाण्यातला किंवा कुठलाही एखादा आवाज घ्यायचा, त्याचा छोटा तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर नवं गाणं उभं करायचं. तुम्ही याला सॅम्पलिंग म्हणता, ते 'तुकडा' म्हणतात. दुसऱ्याच्या अंगावरच्या सदऱ्याकडे शिंपी जसा बघतो, तसे ते बोलणाऱ्या माणसाकडे बघतात. आपण काय बोलतो आहोत याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

गल्लीतल्या एका लग्नात आचाऱ्याच्या हातून पातेलं निसटलं. सगळे त्याचा पाय भाजला का ते पाहायला धावले. गुरुसिद्धप्पाही धावले. "परत एकदा पाडता का? मगाशी मागं बायका बोलायल्या होत्या." तुमच्या आजोबांची शिंकसुद्धा त्यांनी रीतसर पानसुपारी देऊन नेली. ती आता एका गाण्यात ढोलासारखी वाजते. ते गाणं लागलं की आजोबा दचकून विचारतात, "कोण शिंकलं?"

पानसुपारी दिल्याशिवाय ते कुणाचा आवाज घेत नाहीत. हा विनय उपजत नाही. दुकान होतं तेव्हा त्यांनी एकदा आपल्या थोरल्या भावाचा, शिवण्णांचा, आवाज न विचारता उचलला होता. शिवण्णा रेल्वेत होते, इथून जवळच होटगी गावी राहतात, आणि कानडी भजनं फार सुरेख म्हणत. त्यांच्या भजनातली एक ओळ कापून गुरुसिद्धप्पांनी शेंगाचटणीच्या जाहिरातीला जोडली. जत्रेत शिवण्णा सहकुटुंब फिरत असताना भोंग्यातून त्यांच्याच गळ्याने शंकराला आर्त हाक मारली आणि लगेच पुढे, "पाव किलो घ्या, अर्धा किलो घ्या!" लोक शिवण्णांना चटणीचा भाव विचारू लागले. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं.

गेल्या वर्षी गुरुसिद्धप्पांनी ठरवलं की ती ओळ एका नव्या गाण्यात घ्यायची, आणि या खेपेला अण्णाला विचारून. गाणं पुण्याच्या एका कंपनीसाठी होतं. दर गुरुवारी ते पानसुपारी घेऊन होटगीला जात आणि नकार घेऊन परत येत.

शेवटी कंपनीचा एक तरुण साहेब आला. माझ्याच घरी बसून, माझाच चहा पीत त्याने समजावलं, "काका, कॉम्प्युटर तसाच म्हातारा आवाज करून देतो. कुणाची परवानगी नको, भांडण नको. हेच फ्युचर आहे."

"मग त्यो आवाज कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"कुणाचाच न्हाय, तर पान कुणाला द्यायचं?"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटं पुढे केली. महिन्याभरात गाणं बाहेर आलं, कॉम्प्युटरच्या आवाजात. ते ऐकून गुरुसिद्धप्पा म्हणाले, "आवाज चांगला हाय की. पण त्याला राग येत न्हाय."

गुरुवारी ते पुन्हा धुतलेला सदरा घालून निघाले. मी गॅलरीतून विचारलं, "गाणं तर झालं. आता परवानगी कशाला?"

ते जिना चढून वर आले आणि हळूच म्हणाले, "बाई, अण्णाला सांगू नका. गाणं झालं म्हटलं, तर मी तितं कशाला जाऊ?"

मला राहवलं नाही. मीही त्यांच्याबरोबर होटगीला गेले.

शिवण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची आधीच मांडलेली होती. "आलास व्हय, चटणीवाल्या? न्हाय म्हंजे न्हाय!"

"अण्णा, एकच ओळ की."

"तुला ओळ दिली तर उद्या त्यात साबण विकशील. बस. ऊन लागलं असंल."

पुढचा तासभर त्यांनी धाकट्या भावाचा उद्धार केला: त्याच्या धंद्याचा, त्याच्या टकलाचा, त्याच्या कानाला लावलेल्या त्या यंत्राचा. मधूनच चिडून भजनाची ती ओळ स्वतःच म्हणून दाखवली. "ही अशी हाय! तू कापली व्हतीस तशी न्हाय!" गुरुसिद्धप्पांचा मोबाइल खिशातच होता. त्यांनी तो काढला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते नुसते ऐकत राहिले.

मी आत चहाचे कप ठेवायला गेले. शिवण्णांच्या बायकोने दार जरासं लोटलं.

"बाई, त्ये नवं गाणं आमच्या नातवानं ह्यास्नी ऐकवलंय. दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज हाय म्हणाले."

"मग हे अजून 'नाही'च का म्हणतात?"

"व्हय म्हटलं तर भाऊजी यायचे थांबतील की. तुमी त्यांना बोलू नका."

परतताना गुरुसिद्धप्पा मान खाली घालून म्हणाले, "आज बी न्हायच म्हणाला." मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी विचारा."

मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. शिवण्णांचा नकार अजून कायम आहे.

तुमची,
आजी