बिजागरीशेठचं पूर्ण लक्ष

माणसानं भरवसा ठेवावा तरी कोणावर, सांगा बघू? डॉक्टरवर, बायकोवर, की आपल्याच छातीतल्या धडधडीवर? लोखंडी सामानाच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या आमच्या बिजागरीशेठना हा प्रश्न एका सोमवारी पडला, आणि त्यांनी तिघांनाही बाजूला सारून स्वतःच्या हुशारीवर भरवसा ठेवला. (तिथंच घोटाळा झाला.)

त्याचं असं झालं. बीपी मोजून डॉक्टर म्हणाले, "शेठ, रोज वीस मिनिटं ध्यान करा. पंधरा दिवसांत आकडा उतरला नाही, तर सहा महिने दुकानाचं तोंड बघायचं नाही."

"सहा महिने?" शेठचा आकडा जागच्या जागी आणखी चढला असणार.

बरोबर आलेल्या बायकोनं तेवढ्यात त्यांच्या खिशातला दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून आपल्या पर्समध्ये टाकला. "रोज सकाळी माझ्याकडून मागून न्यायचा. आकडा उतरला, की कायमचा तुमचा."

खिशात तो जुडगा खुळखुळला नाही, तर शेठना आपण अर्ध्या कपड्यांत रस्त्यावर आलोय असं वाटे. तेव्हा आकडा उतरवणं भाग होतं. डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता: 'पूर्ण लक्ष द्या. जे घडतंय ते नुसतं पाहा. ढवळाढवळ करू नका.' शेठनी तो दोनदा वाचला आणि व्यापारी डोकं चालवलं. वीस मिनिटं रिकामं बसणं म्हणजे वीस मिनिटं पाण्यात! कामं तर आपण करतोच, त्यातच ध्यान बसवून टाकू. एकावर एक फुकट.

पहिल्याच दिवशी दुकानात एक सुतार आला. "शेठ, या कड्यांचा शेवटचा भाव बोला."

शेठ श्वास पाहत होते. आत आला. बाहेर गेला.

"बरं, थोडे वाढवून देतो."

आत आला. बाहेर गेला.

"अहो, रागावू नका शेठ! तुमच्याच भावानं घेतो, झालं?"

शेठनी कड्या बांधून दिल्या आणि मनात म्हटलं, ही विद्या आपल्याला तीस वर्षं उशिरा मिळाली.

दुसऱ्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, मी आंघोळीला जातेय. दुधाकडे लक्ष ठेवा."

असं लक्ष त्या दुधाकडे आजवर कोणी दिलं नसेल. आधी कडेला बारीक फेस आला, मग साय थरथरली, मग मधोमध फुगली. शेठ पाहत राहिले. दूध वर आलं, काठावर क्षणभर थांबलं आणि चारी बाजूंनी शेगडीवर उतरलं. करपल्याचा वासही त्यांनी पूर्ण लक्ष देऊन घेतला.

बायको धावत आली. "मी लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना!"

"ठेवलं की! सायीला आधी डावीकडे सुरकुती पडते, तुला ठाऊक होतं?"

"मग गॅस कोण बंद करणार?"

"ढवळाढवळ करायची नाही," शेठनी कागद पुढे केला.

बायकोनं ओट्यावर फडकं आपटलं.

दहाव्या दिवशी कपडे धुवायच्या मशीनची नळी निसटली. बायको बाजारात गेली होती. पाणी मोरीतून निघालं, पॅसेजमध्ये वळलं, चपला घेऊन दाराशी पोचलं. शेठ खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर छत्री उघडी धरूनच जिना चढून आले.

"अहो शेठ, आमच्या छतातून पाणी गळतंय!"

"हो ना. मी इथून पाहतोय."

"कधीपासून?"

"पाऊण तास झाला असेल. फार शांतपणे जातंय हो मास्तर."

मास्तर जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. बायको परतली तेव्हा ते तिला तेच पुन्हा, अधिक सविस्तर बोलले. त्यांच्या छताच्या रंगकामाचे पैसे द्यायचं तिनंच कबूल केलं. शेठ तेही पाहत होते.

पंधराव्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी शेठच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. "वा! तरण्या पोराचा आकडा आहे."

शेठनी ऐटीत बायकोपुढे हात पसरला. "आण किल्ल्या."

"थांबा," डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमचा चेहरा का असा लाल झालाय? बघू हात."

पट्टा फुगला. डॉक्टरांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "बापरे! घरात कसला ताण आहे का?"

बायकोनं नुसतं शेठकडे बोट केलं.

"मग रोज निदान आठ तास यांच्यापासून लांब राहायचं. हे औषध समजा."

"मी दुकानात बसले तर चालेल?"

"त्याहून उत्तम काय! आणि शेठ, तुम्ही घरी थांबा. तुम्हाला ते छान मानवलंय."

जुडगा पर्समधून निघालाच नाही. हल्ली गल्ल्यावर वहिनी बसतात, मोठ्यानं भाव सांगतात, मोठ्यानं हसतात, आणि त्यांचा आकडा तिसऱ्या आठवड्यातच जाग्यावर आला. शेठ घरी असतात. दूध तापवतात.

तेव्हा मंडळी, ध्यान अवश्य करा, पण हिशेब तेवढा प्रामाणिक ठेवा. आपला आकडा किती उतरला ते एका बाजूला लिहाल, तर घरच्यांचा किती चढला तेही समोर मांडा.