‘येव काय?’ विचारणारे भाईकाका

भाईकाकांवर अन्याय झाला तो त्यांच्या दहावीच्या निकालादिवशी, दुपारी एक वाजता, आचऱ्यात, स्वतःच्या घराच्या खळ्यात. मुलगा पास झाला होता. त्याच्याकडे न बघताच वडील मास्तरांना म्हणाले, “ह्येच्यान काय होवचा नाय. खंय तरी चिकटवा.”

चिकटवले. ओरोसच्या कचेरीत, तीस वर्षं.

आमचे हे शेजारी आज साठी ओलांडलेले, एकटे राहतात आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवून विचारतात, “येव काय?” मग थोडं थांबून आत जातात. आतून कोण ओ देणार, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “नको म्हणणारो पण कोण नाय मां!”

कचेरीत त्यांचा अर्ज गाजला होता : ‘योग्य वाटल्यास रजा मंजूर व्हावी, न वाटल्यास मी येतोच.’ एसटीत रिकाम्या सीटशेजारी उभे राहून ते मालवण गाठतात. कोणी यायचं असेल तर? चहा की कॉफी, ऊन की सावली, उत्तर एकच : “माका खंयचाय चलात.” म्हणजे, मला कुठलंही चालेल.

आम्ही सगळे हसायचो. मीही. परवापर्यंत.

परवा मी दहावीनंतरच्या शिक्षणाची आमची पत्रकं वाटत पलीकडच्या तन्वीकडे गेले. ही पोर देवबागला मामाच्या होडीचं इंजिन एकटी खोलते आणि जोडते. तिचे बाबा अकरावीचा फॉर्म भरत होते. “कॉमर्साक घालतंय. तुका इंजिना जमाची नाय. चलात मां?”

तन्वी जमिनीकडे बघत म्हणाली, “खंयचाय चलात.”

तोच शब्द. तोच सूर. पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात.

भाईकाका तन्वीच्या घराच्या पायरीवर होते. परवानगीची वाट बघत असणार. ते दार न वाजवता थेट आत आले.

“गो बाय, चलात म्हणा नको. माका पण चल्ला हुता. आता बघ माका.”

मग तन्वी पुटपुटली, “आयटीआय. इंजिनाचा.” बाबांचं पेन थांबलं.

आपण न विचारता आत आलो हे भाईकाकांच्या तेव्हा लक्षात आलं. ते बाहेर गेले, उघडं दार वाजवलं आणि म्हणाले, “आता येव काय?”

तन्वीच्या फॉर्मवर शाखेचा रकाना अजून कोरा आहे. सोमवारी मुदत संपते. बाबा तिथे कॉमर्स लिहितील, अशी मला भीती वाटते.

तुमच्या घरात दहावी झालेलं पोर असेल तर पेन खाली ठेवा. त्याला विचारा. ‘चलात’ म्हणालं तर पुन्हा विचारा. आजच.