सबनीसांचं ताजं पेट्रोल

दूध नासलंय का ते आपण बघतो, तसे सबनीस पेट्रोल बघत. दर रविवारी सकाळी परसात जायचं, जनरेटरच्या टाकीचं झाकण उघडायचं आणि डोळे मिटून वास घ्यायचा. नाक मुरडलं की ते पेट्रोल स्कूटरमध्ये जाई आणि टाकीत नवं येई. "शिळं आपण खावं. यंत्राला घालू नये."

हडपसरच्या रो-हाऊसमध्ये आमची भिंतीला भिंत. सबनीस कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी कॅनडात. लोडशेडिंगचे दिवस होते. आयटीतल्या तरुण शेजाऱ्यांनी इन्व्हर्टर बसवले होते आणि सबनीसांच्या जनरेटरवर सगळ्यांचा राग होता.

"काका, रॉकेलवर चालणारा तरी घ्यायचा," समोरचा निखिल एकदा म्हणाला. तो वर्ध्याचा, इथं सॉफ्टवेअरमध्ये.

"धूर तुमच्या घरात सोडू की माझ्या?"

"मग डिझेल?"

"परसात ट्रक उभा करायचाय का? पेट्रोलचं यंत्र हाक मारली की उठतं. तुमच्यासारखं नाही."

पुढे आवाजाची तक्रार घेऊन चारपाच जण दारात आले. सबनीस म्हणाले, "कानात बोळे घाला. नाहीतरी कुणाचं ऐकता कुठे?"

मग एका उन्हाळ्यात आमचा ट्रान्सफॉर्मर जळला. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळे इन्व्हर्टर माना टाकून बसले. तेच चारपाच जण चार्जर घेऊन सबनीसांच्या दारात उभे राहिले, मागोमाग मीही.

"या. चपला बाहेर. आवाजाचा त्रास होईल, आधीच सांगतो."

निखिल लॅपटॉप घेऊन दिवाणावर बसला. "काका, आज डिलिव्हरी आहे, प्लीज." कुणी मिक्सर आणून चटणी वाटली. सबनीसांनी डास येतात म्हणून पडदे ओढले, शोकेसमधले कप धुऊन घेतले आणि बोलायला लागले. मुलगी लहानपणी विजेला घाबरून टेबलाखाली बसायची, ते त्यांनी स्वतः टेबलाखाली वाकून दाखवलं. लोक मोबाइलवरची नजर न काढता हसले. चहा टाकताना दूध कमी पडलं, म्हणून मी घरी गेलो.

माझ्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता.

परतलो तर सबनीस परसात, जनरेटरपाशी.

"अहो, लाईट आली."

"मघाशीच आली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बोलू नका आत. चहा उकळतोय."

मी बोललो नाही. पण निखिलला बायकोचा फोन आला. भराभर पिना निघाल्या, मिक्सर उचलला गेला. "थँक्यू हं काका," म्हणत सगळे बाहेर पडले. चहासाठी कुणी थांबलं नाही. निखिल फाटकातून वळून म्हणाला, "काका, आता बंद करा ना तो. आवाज येतोय."

सबनीसांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. नळीतलं उरलंसुरलं पिऊन जनरेटर आचके देत थांबला. आत पातेलंभर चहा होता. त्यांनी दोन कप भरले, बाकीचे उचलून परत शोकेसमध्ये ठेवले.

"साखर किती घेता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांचा आमचा शेजार. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते किती घेतात हे मलाही.