बनसोडबाईंची विचारपूस

"काय वं, कोणच्या गावची तू? लेकरं किती तुले? सांग, लाजू नको."

हे प्रश्न बनसोडबाई कोणा नव्या नवरीला विचारत नसत. फाईलला विचारत. तीही कागदाची फाईल नव्हे, कॉम्प्युटरमधली, पोटात नकाशा असलेली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकायची, बाई दोन बोटांनी एक कमांड टाइप करायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि पडद्याकडे अशा बघत बसायच्या, की जणू मुलगी पाहायला आल्यात आणि पोह्यांची बशी अजून यायची आहे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, बी.एस्सी. फर्स्ट क्लास होते आणि गाढव होते. पहिल्या दोन गोष्टी मी सगळ्यांना सांगत असे. तिसरी सगळ्यांना न सांगता कळत असे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नागपुरात कागदी नकाशे कॉम्प्युटरात घालायचं एक सरकारी ऑफिस नुकतंच सुरू झालं होतं. महाल भागातून सायकल हाणत मी तिथं जायची. एका मोठ्या पांढऱ्या टेबलावर नकाशा चिकटवायचा, हातातल्या यंत्राचं भिंग एकेका गावाच्या ठिपक्यावर नेमकं धरायचं आणि बटण दाबायचं. टक. एक गाव कॉम्प्युटरात गेलं. टक. दुसरं गेलं. मला वाटे, देश मीच घडवून राहिले आहे.

बनसोडबाई पूर्वी कुठल्याशा कचेरीत कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर होत्या. मॅट्रिक झालेल्या. पन्नाशी कधीच उलटलेली, पांढरं सुती लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ. आमच्याकडे तयार फाईल टेपवर चढवून पाठवत. त्या टेपांचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं, आणि त्यांची सही झाल्याशिवाय एकही टेप ऑफिसबाहेर जात नसे. सही एवढीच: बी. बनसोड.

त्यांना कमांड एकच यायची. इन्फो. पुढे फाईलचं नाव द्यायचं, की फाईल मुकाट्यानं आपली कुंडली सांगायची: आत ठिपके आहेत की रेषा, किती आहेत, चारी बाजूंनी कुठून कुठवर पसारा आहे. नकाशा दिसायचाच नाही. नुसते आकडे.

"मले एकच येते," बाई म्हणायच्या, "पण पुरी येते."

फाईल तयार झाली की एकदा विचारायचं आणि टेपवर चढवताना पुन्हा विचारायचं, हा त्यांचा नेम. दोन्ही उत्तरं एका लांबट वहीत. "पोर माहेरून निघताना अन् सासरी जाताना, दोन्ही टायमाले पाहावं. मधात काय होईल, सांगता येते का?"

मला हे सगळं अडाणीपणाचं वाटे. कारण आमच्याकडे प्लॉटर होता! आपोआप फिरणारं पेन कागदावर नद्या, रस्ते, सीमा काढत जायचं आणि मी तोंड उघडं टाकून बघत बसायची. चित्र सुंदर आलं की फाईल चांगली, असा माझा शास्त्रीय सिद्धांत होता.

एकदा मी आमच्या जिल्ह्यातल्या तलावांची फाईल बनवली. प्लॉटरवर अशी देखणी आली, की मी ती भिंतीला लावली. बाईंनी इन्फो मारली आणि पदर तोंडाला लावला.

"बाप्पा! ही तर बर्फात जाऊन बसली! स्वेटर दे वं हिले."

मी अक्षांश आणि रेखांशाचे आकडे उलटे भरले होते. नागपूरचे तलाव उत्तर ध्रुवाच्या शेजारी गेले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन रटरटत होतं, त्यामुळे अर्ध्या ऑफिसचं मत पडलं की राहू द्या तिकडेच.

"पण चित्र तर चांगलं आलं होतं ना!" मी चिडून म्हणाले.

"चित्र चांगलंच येते," बाई म्हणाल्या. "माझं लगीन फोटो पाहूनच जमवलं होतं. कोणी काही विचारलं नाही. ना त्याले, ना मले."

यावर कोणीही माणूस "मग?" असं विचारेल. पण तेवढ्यात प्लॉटर सुरू झाला, आणि मी प्लॉटर बघायला पळाले.

आता मुख्य गोष्ट सांगते. तिच्यात माझी शोभा झाली आहे, पण या वयात शोभा झाकून करायचं काय?

त्याच उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावांची फाईल मागवण्यात आली. गावोगाव हातपंपासाठी बोअर खोदणारी मशीनं निघणार होती. फाईलमध्ये जेवढे ठिपके, तेवढे पंप. ठिपका नाही, तर पंप नाही. इतका सरळ हिशेब.

मी ठिपके घेतले. बाईंनी विचारलं, वहीत लिहिलं: चौसष्ट.

दुसऱ्या दिवशी गावांची नावं घालताना मला दिसलं की एक नाव दोनदा आलंय. जवळजवळचे दोन ठिपके, दोन्हीकडे नाव तेच. मी टापटिपीची मुलगी. महालातल्या आमच्या घरात डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले. मी एक ठिपका काढून टाकला आणि फाईल टेपवर चढवायला दिली.

बाहेर टेप न्यायला जीप उभी होती. साहेब हातात पत्र घेऊन उभे होते. बाईंनी कमांड मारली, पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"एक लेकरू कमी हाये."

"ते डुप्लिकेट होतं," मी अभिमानानं म्हणाले. साहेबांसमोर बोलायची संधी मी सोडत नसे. "एकच नाव दोनदा होतं. मी साफसफाई केली."

"साफसफाई," बाई म्हणाल्या. मग शांतपणे: "दोघींचे आकडे सारखे होते का?"

"नाही, थोडा फरक होता. पण नाव—"

"आमच्या गल्लीत चार शांताबाई हायेत वं. तिघींले काढून टाकू?"

साहेब हसले. "बाई, सही करा. एका ठिपक्यासाठी गाडी खोळंबली आहे. गाव एक, पंप एक. भरतील सगळे."

बनसोडबाईंनी चष्मा खाली घेतला.

"गाव एक नाही, साहेब. मधात नाला असन. अलीकडे गाव, पलीकडे आमची बौद्ध वस्ती. सरकारी कागदावर नाव एकच, पण विहीर एक नाही. गावातल्या पंपावर आमच्या बाईची घागर कोणी टेकू देते का? विचारलं कोणी?"

साहेब एसीकडे बघू लागले. मीही एसीकडे बघू लागले. कठीण प्रश्न आला की आमच्या ऑफिसात एसीकडे बघायची पद्धत होती.

"तुम्हाला काय ठाऊक तिथं नाला आहे?" साहेब म्हणाले. "सही करायची नसेल तर टेप द्या. मी माझ्या सहीनं पाठवतो."

तेव्हा बाईंनी जे केलं, ते पुढे वर्षानुवर्षं ऑफिसात सांगितलं गेलं. थाळीएवढी टेपची गोल पेटी त्यांनी उचलली, आपल्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पदर सारखा केला.

"उठा, बाई."

"नाही उठत."

"मेमो देईन."

"द्या. त्याले पण विचारीन, कोणच्या गावचा म्हणून."

"खाली गोदामात बदली करीन! पंख्याशिवाय बसावं लागेल!"

"घरी तरी कुठं पंखा हाये, साहेब?"

एक वाजला. बाईंनी टेपवर बसूनच डबा उघडला. जवसाची चटणी आणि भाकर. मलाही तुकडा पुढे केला, इतक्या सहज, की मी घेतला. दोन वाजता जीपचा ड्रायव्हर चौकशीला आत आला, त्याला गार हवा लागली, आणि तो भिंतीशी मांडी घालून बसला. "बसू द्या ना बाईले, साहेब," तो म्हणाला. "मले काही घाई नाही."

आता इथं मी पुढे झाले आणि बाणेदारपणे म्हणाले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. नातवंडांना मी बरीच वर्षं तसंच सांगत होते. खरं असं की मी घाबरले होते. माझी नोकरी कच्ची होती. चूक कोणाची, हे साहेबांनी अजून नीट मनावर घेतलं नव्हतं आणि बाई माझं नावही घेत नव्हत्या. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. ते मात्र मला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोलले असते. भाकर दिल्यावर काय बोलणार?

मी उठून कागदी नकाशा काढला. निदान नाला नाही, एवढं तरी सिद्ध करावं, हा हेतू. टेबलावर चिकटवला, भिंग ठेवलं. अलीकडे काळा ठिपका. पलीकडे काळा ठिपका. आणि दोहोंच्या मधून केसाएवढी निळी रेघ.

त्याच नकाशावर मी दोन दिवस काम केलं होतं. चौसष्ट वेळा टक केलं होतं. रेघ तेव्हाही तिथंच असणार. पण आमच्या घरात स्वयंपाकघरात एक आणि अंगणात एक, असे दोन नळ होते. मला कशाला दिसेल?

मी भिंग पलीकडच्या ठिपक्यावर धरलं. नेमकं बसलं का, ते तीनदा पाहिलं. टक.

"साहेब, नाला आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे." आवाज उंदराचा निघाला, पण निघाला.

साहेब पुन्हा एसीकडे बघू लागले. बनसोडबाईंनी बसल्या जागेवरून खुर्ची पुढे ओढली, दोन बोटांनी कमांड टाइप केली, चष्मा कपाळावर ढकलला.

"काय वं, लेकरं किती?"

पॉइंट्स, चौसष्ट.

मग बाई उठल्या. फाईल पुन्हा टेपवर चढली आणि सही झाली. ड्रायव्हर मात्र उठायला तयार नव्हता.

माझी नोकरी टिकली. मेमो बाईंनाच मिळाला. त्यांनी तो टेपांच्या कपाटाला आतून चिकटवला आणि त्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'तपासला.' पुढच्या महिन्यात त्यांची खरंच गोदामात बदली झाली. तिथंही त्या खोक्यांना विचारत असत, कोणच्या गावचे म्हणून. मी रोज टेप घेऊन दोन जिने उतरून सहीला जायची. नवा नियम सांगत होता की आता साहेबांची सही चालते. चालत असेल.

दीड वर्षानं त्या निवृत्त झाल्या. भेट काय द्यायची म्हणून मी विचारायला गेले. घड्याळ की शाल?

"घड्याळ हाये. शालीचं काय करू नागपुरात?" त्या म्हणाल्या. "मले ते चौसष्टावं दाखवून आण."

एका रविवारी आम्ही एसटीनं गेलो. फाट्यावर उतरून कोस-दीड कोस चाललो. गाव ओलांडलं. नाला आला. कोरडा होता, पण होता. पलीकडे पंधरा-वीस घरं, निळा झेंडा, आणि कडुनिंबाखाली पंप. एक बाई घागर भरत होती. बनसोडबाई लांबच उभ्या राहिल्या. पंपाचा दांडा वर-खाली होत होता, त्या बघत होत्या. इतक्या दिवसांत त्यांना चित्र बघताना मी प्रथमच पाहत होते.

घागरवाल्या बाईनं दांडा सोडला. "काहून उभ्या राहिल्या वं माय उन्हात? या, पाणी प्या. कोणच्या गावच्या तुम्ही?"

"नागपूर. इंदोरा."

"नाव काय?"

बनसोडबाईंनी पदर सारखा केला. आणि माझ्या लक्षात आलं, की मलाही ठाऊक नाही. तालुक्यातल्या सगळ्या गावांची नावं मला पाठ होती. या बाईंच्या सहीतला 'बी' म्हणजे काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. घरी कोण असतं, हेही नाही.

"बेबी," त्या म्हणाल्या.

अठ्ठावन्न वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या बेबी. घागरवाली हसली नाही. तिनं दांडा मारला, बाईंनी ओंजळ धरली.

"मालक काय करते?"

"होता. बिलासपूरले गेला कामाले. लगीन होऊन वर्ष पण नव्हतं झालं." ओंजळीतून पाणी गळत होतं, त्यांनी ते प्यायलंच नव्हतं. "आला नाही."

"अन् लेकरं किती?"

मी पुढे होणार होते. विषय बदलावा, निघायची घाई करावी, काहीतरी. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पंपाकडे पाहिलं.

"चौसष्ट," त्या म्हणाल्या.

घागरवाली चक्रावली. तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं.

"खरं आहे," मी म्हणाले. "मधे एक माझ्या हातून हरवलं होतं."