बिनझाडाची मुळं

झाडाशिवाय मुळं वाढवू नयेत, असं नियमात कुठंही म्हटलेलं नव्हतं. वाढवावीत असंही नव्हतं. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या, उबदार खोलीत काचेच्या चंबूंमध्ये पांढरी मुळं वाढत होती. ना खोड, ना पान. त्यांच्यात माणसाचं एक जनुक घातलं होतं, त्यामुळे ती रक्त गोठवणारं प्रथिन बनवून भोवतालच्या पाण्यात सोडत. अंगात हे प्रथिन नसलं की साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. हे काम करणाऱ्या बाईंना सगळे ‘मुळंवाल्या मॅडम’ म्हणत. त्यांच्या भाचीचं रक्त असंच थांबत नसे, म्हणून त्या चंबूंना जिवापाड जपत.

औषधाच्या परवानगीसाठी अर्ज गेला. औषध खात्यानं कळवलं, की मुळं ही वनस्पती असल्यामुळे आधी उद्यान खात्याचा ना-हरकत दाखला आणावा. उद्यान निरीक्षक आले.

“झाड कुठाय?”

“झाड नाही साहेब. नुसती मुळंच वाढतात.”

“मॅडम, या खात्यात केस पिकले माझे. मुळांशिवाय झाडं बघितलीत, आम्हीच लावलेली. झाडाशिवाय मुळं नाही बघितली कधी.”

त्यांनी शेरा मारला: ‘सदर वनस्पती अंधारात कोंडलेली व निस्तेज आढळली. उन्हात ठेवावी.’

“अहो, उजेडात ही हिरवी पडतील! प्रथिन आटेल!”

“हिरवी पडतील काय? हिरवी होतील म्हणा. चांगलंच आहे की!”

दाखल्याशिवाय औषध नाही, उन्हाशिवाय दाखला नाही. मॅडमनी काळजावर दगड ठेवून चंबू खिडकीत मांडले. एक तेवढा कपाटात लपवला. तो संचालकांना सापडला. “एकाच संस्थेत दोन रंग? पाहुणे काय म्हणतील?” असं म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हातानं उन्हात नेऊन ठेवला.

मुळं हिरवीगार झाली. संचालकांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. दाखला मिळाला. मग औषध खात्यानं चंबूतलं पाणी तपासलं आणि कळवलं: ‘नमुन्यात औषध आढळले नाही. सबब दुष्परिणामांचा प्रश्न उद्भवत नाही. विक्रीस मंजुरी देण्यात येत आहे.’

त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. “अगं, मंजूर झालं म्हणे! आता थांबेल ना गं हिचं रक्त?”

मॅडमना रडू फुटलं. बहिणीला वाटलं, आनंदानं रडतेय. मग तीही रडली.

औषध आता सगळ्या दुकानांत मिळतं. बाटलीवर ठसठशीत हिरवं पान छापलंय. परवा तुम्हीच ती उचललीत, आत काय आहे ते वाचायला चष्मा शोधलात, तो काही सापडला नाही, आणि घरच्यांना म्हणालात, “असू दे, घेऊन ठेवू. नैसर्गिक आहे.”