जवसाचं तेल आणि श्रुतिकाचा गाल

लाकडाला तेल कसं लावावं, हे मला कोणी शिकवू नये! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. त्यामुळे लेकीच्या एअर रायफलचा लाकडी दस्ता निस्तेज दिसताच मी जवसाचं तेल काढलं.

“आई, हात नको ना लावूस! क्लबवाल्यांनी मुहूर्त साधून दसऱ्यालाच निवड ठेवलीय. संघात एकच जागा उरलीय!” श्रुतिका कळवळली.

“अगं, हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आपोआप कडक होतं. तोवर काच होईल बघ!”

अक्रोडाचं लाकूड ते. तेलाचा हात फिरला आणि आतल्या रेषा वर आल्या, ओहोटीनंतर गोराईच्या चिखलात उमटतात तशा. त्यांवरून बोट फिरवत मी कुठल्याशा संथ पाण्याच्या कडेला जाऊन बसले. भानावर आले तेव्हा बाटली रिकामी! मग धूळ बसू नये म्हणून दस्ता प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळला.

हवा लागते म्हणणारी मीच!

खंडेनवमीला सासूबाईंनी तो सोडला. हळद, कुंकू, झेंडू, सगळं वाहिलं आणि पुन्हा गुंडाळून ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी रायफल जोडताना श्रुतिका किंचाळली, “आई, हा फेविकॉलसारखा चिकटतोय! वाट लागली!”

“भिया नको गो,” सासूबाई म्हणाल्या, “मी देवीक गाऱ्हाणा घातलंय.”

बोरिवलीच्या रेंजवर श्रुतिकाने दस्त्याला गाल टेकला, तो तिथेच राहिला. डावा पंजा पुढच्या लाकडाला चिकटला. छर्रा भरायला डोकं उचलावं, तर गाल कणकेसारखा ताणला जाई! शेवटी तिने नाद सोडला आणि डोकं न हलवताच छर्रे भरू लागली. मी डोळे मिटून घेतले. टप... टप... टप... लांब कुठेतरी पाणी ठिबकावं तसे छर्रे बसत होते.

“झकास!” तिचे प्रशिक्षक सुबोध सर ओरडले. “डोकं हलवू नकोस म्हणून दोन वर्षं सांगतोय, आज ऐकलंस!”

लेक संघात आली! पिवळाजर्द गाल, कपाळाशी झेंडूची पाकळी.

“काय केलंत रायफलला?” सरांनी विचारलं.

मी तेलाचं रसायनशास्त्र सांगायला तोंड उघडलं, तोच श्रुतिका म्हणाली, “आजीने पूजा केली, सर.”

आता अख्ख्या क्लबच्या रायफली सासूबाईंकडे पूजेला येतात. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली असते: ‘मॅडमना हात लावू देऊ नये.’